दुधाची दाढ

लातूरच्या क्लासमध्ये शिकवून शिकवून लोकांची पोरं डॉक्टर झाली आणि लुंबिनी होती तिथेच राहिली. तिला शिकायचे होते शरीरातले धातू आणि ते हुडकणारी यंत्रं. नांदेडच्या एका संशोधन केंद्रात पीएच.डी.ची एकच जागा निघाली. नमुना स्वतः आणायचा, यंत्रावर स्वतः लावायचा आणि आलेख समितीला समजावून सांगायचा, अशी अट होती.

तिने आपलीच दुधाची दाढ आणली. आमच्याकडे पडलेला दात घरावर फेकतात. पण भूकंपानंतर तिच्या आईने, भामाबाईने, ती रीत मोडली. "घरावर काय बी टाकायचं न्हाई. घरानं लई घेतलं," म्हणायची. दाढ तिने चुन्याच्या रिकाम्या डबीत जपून ठेवली होती.

दाढ थरांनी वाढते. आईच्या दुधातलं बेरियम त्या थरांत उतरतं, आणि बाळ दूध पितं तोवर आलेखाची रेघ वर राहते. "अडीच वर्षं अंगावर पिलीस, सोडता सोडेना," असं भामाबाई कौतुकाने सगळ्यांना सांगायची. म्हणजे रेघ सलग यायची, की घोडं गंगेत न्हालं!

सहाव्या महिन्याच्या थराशी रेघ एकदम खाली कोसळली. थोडं पुढे ती पुन्हा उठली, पण पहिल्या उंचीला काही गेली नाही. लुंबिनीने दाढ पुन्हा लावली. पुन्हा तेच.

केंद्राचे रेणुकादास सर मागे येऊन उभे राहिले. "दोन पोरांचे दात चिकटवलेत की काय?" म्हणून ते हसले. मग वाकून बघताना त्यांचं हसू गेलं. "दात एकच आहे. दूध मात्र दोघींचं दिसतंय. हे समितीला सांगता आलं नाही, तर जागा गेली समजा."

भूकंप झाला तेव्हा आपण सहा महिन्यांच्या होतो, हे तिला ठाऊक होतं. तिने व्हरांड्यात जाऊन, बाकांवर बसलेल्या इतर उमेदवारांकडे पाठ करून फोन लावला.

"आई, भूकंपात तुझं दूध तुटलं होतं का?"

"कुणी सांगितलं तुला?"

"दाढेनं."

"माझी लेक ढिगाऱ्यात गेली," भामाबाई म्हणाली. "छाती दुधानं ठणकून राहिली व्हती. मग जवानांनी तुला काढलं. कुठल्या घरातली, कुणाला ठाव. कुणीतरी तुला माझ्या वटीत घातलं. तू तोंड लावलंस, तवा कुठं मला रडू आलं."

लुंबिनीच्या मनात आईबद्दल माया दाटून आली आणि तितकीच भीतीही वाटली.

"मग लुंबिनी?"

"लुंबिनी तिचं नाव व्हतं, माय. तुझं इचारायला कुणी उरलंच न्हाई."

समितीच्या दारात शिपाई आला. "लुंबिनी साहेबराव!" त्याने पुकारा केला.

कोण उठतंय ते बघायला तिने मागे वळून पाहिलं.