बायको रडली नाही म्हणून

माझ्या थोरल्याने परवापासून तोंड फुगवलंय. एवढा दाढी-मिशांचा बाप्या, आणि रुसला कशावर? तर हात कापला तेव्हा बायको रडली नाही!

आमचं काम पत्र्याच्या पेट्या बनवायचं. दिवसभर ठोकाठोकी. हळू बोललं तर शेजारी बसलेल्यालाही ऐकू जात नाही, म्हणून आमच्यात मायासुद्धा ओरडूनच करतात. सून घड्याळं दुरुस्त करणाऱ्याची लेक. त्या घरात कुणी जोरात शिंकलं तरी बारीकसा स्क्रू उडून जायचा. हसायचं ते ओठातल्या ओठात, आणि रडताना तर त्यांना कुणी पाहिलं नसेल. एकदा गेले होते मी. डॉक्टरकडे नंबर लावून बसल्यासारखं वाटलं.

परवा पत्रा सटकला आणि थोरल्याचा उजवा तळवा फाटला. मी त्या पत्र्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. धाकटा "मेला, मेला" करत रस्त्यावर धावला. माझ्या लेकीने ऊर बडवून घेतला. सून आली, फडक्याने हात आवळून बांधला आणि तो वर धरून बसली. चेहरा कोरा.

आज याने सासऱ्याला बोलावून घेतलं. "मामा, न्या हिला. बाई नाही, दगड आहे नुसता."

म्हातारा खुर्चीच्या कडेला टेकला. लेकीला म्हणाला, "बरं आहे ना?"

"बरं आहे."

झाली भेट! बँकेच्या रांगेतली माणसं याहून जास्त बोलतात.

मग ती कपडे भरायला आत गेली. ना आदळआपट, ना डोळ्यात टिपूस. माझं डोकंच फिरलं. मागोमाग जाऊन म्हटलं, "अगं, निदान भांड तरी!"

ती साडीची घडी घालत होती. घडी काही जमेना. तिसऱ्यांदा उलगडली.

"आई, ते झोपेत कुशीवर वळतात. हात अंगाखाली येतो. रात्री मधूनमधून बघत जा," म्हणाली. आवाज तोच, पिठासारखा मऊ.

मी तिच्या हातातली साडी ओढून खाटेवर भिरकावली आणि बाहेर आले.

"ऐक रे रडतराऊ! तिचं ते शिवलेलं तोंड मलाही आवडत नाही, आणि विहीणबाई म्हणून हाक मारली तरी ह्या तिच्या बापाचं मला ऐकू येत नाही. पण आम्ही तिघं गळा काढत होतो तेव्हा एकालाही फडकं सुचलं नाही. रडणारी हवी ना तुला? मी आहे की, म्हणशील तेवढी रडते. ती कुठे जायची नाही. आता मुकाट जेवायला बस, डाव्या हाताने!"