कंदिलाच्या जाहिरातीची किंमत

मी एक जुनी जाहिरात आहे, मित्रांनो. कंदिलाच्या कंपनीची, रंगीत, हातभर लांबीची. माझ्यावर होडीत उभी असलेली कोळीण कंदील उंच धरून आहे. तळाशी बारीक अक्षरांत छापखान्याचं नाव होतं. समुद्रकाठच्या मुरबे गावातल्या या घरात नीलेशच्या पणजोबांनी मला खिळ्याला टांगलं, तेव्हा अख्खी आळी बघायला आली होती. मी फुगून गेले होते, खोटं कशाला सांगू? पुढे वीज आली आणि माझ्याकडे कुणी ढुंकून बघेना. सुक्या बोंबलांचा वास आणि खारा वारा खात मी पिवळी पडले.

यंदा घरच्या होडीचं इंजिन बंद पडलं आणि मासेमारी थांबली. नीलेश बोईसरला रसायनांच्या कारखान्यात लागला आणि थोड्याच दिवसांत खोकू लागला. त्याची आई चंद्रकांता मासळी विकते. पोराला परत समुद्रावर आणायचं, हाच तिला घोर. अशात नीलेशने माझा फोटो हिनाताईंना पाठवला. विक्रीसाठी, विम्यासाठी जुन्या छापील कागदांची किंमत ठरवणं हे त्यांचं काम. त्या फोनवर म्हणाल्या, "इंजिन दुरुस्त होईल इतके मिळतील. रविवारी येते."

चंद्रकांताच्या जिवात जीव आला. पण पाहुणी येणार, तर मला जरा नीटनेटकं करायला नको? शनिवारी तिने मला पालघरला नेलं. झेरॉक्सवाल्याने माझी फाटकी तळपट्टी कापली आणि मला गरम प्लास्टिकमध्ये दाबून बंद केलं. येताना ती मला पदराखाली धरून हसत होती.

दुसऱ्या दिवशी मला हातात घेताच हिनाताईंचा चेहरा उतरला.

"मावशी, हे प्लास्टिक आता निघत नाही. काढलं तर रंगही सोबत येतो. आणि खालचं छापखान्याचं नाव?"

"तो खालचा कागद फाटलेला व्हता. पावन्यांना फाटका कसा दावायचा?" चंद्रकांता म्हणाली. "मंग आता किती येतील?"

हिनाताईंनी भिंग पिशवीत ठेवलं. "घरात लावायला छान आहे, मावशी."

"आये, तुजी काय चूक नाय," नीलेश म्हणाला. मग डबा उचलून तो खोकत कारखान्याच्या पाळीवर गेला.

आता मी परत त्याच खिळ्यावर आहे. मला वाळवी लागणार नाही, वारा लागणार नाही. चंद्रकांता रोज मला फडक्याने पुसते आणि पोराची वाट बघते. मित्रांनो, जुन्या कागदाची माया वाटली, तरी हात लावण्याआधी जाणत्याला विचारा. हिनाताई फोनवर एवढंच सांगायला विसरल्या होत्या, आणि मला तोंड नव्हतं.