आठव्या गाळ्याची फळी

“तीन!” झेनोने तुळईवरून हाक दिली.

बोर्तोलोने भिंतीला टेकवलेल्या फळ्यांतली एक पुढे ओढली, कडेवर कोरलेल्या खाचा अंगठ्याने मोजल्या, मग कपाळावरचा चष्मा खाली ओढून डोळ्यांनीही मोजल्या. तीनच होत्या. तरी त्याने पुन्हा एकदा अंगठा फिरवला.

“तीन!” त्याने खालून उत्तर दिले आणि फळी उभी करून वर सरकवली.

“काका, या वेगाने नाताळ उजाडेल,” झेनो वरून म्हणाला. “झाडं गारठून मरतील तरी आपण तिसऱ्या गाळ्यातच.”

“मरू देत. तू खांब धरून बस.”

छपराच्या फळ्या आणि पुढच्या काचा आठवडाभरात बसवून झाल्या होत्या. राहिल्या होत्या त्या तुळईखालच्या माथ्याच्या फळ्या, गाळ्यागणिक एक. बारा गाळे, आणि बाराही वेगळ्या मापाचे, कारण बोर्तोलोच्या पणज्याने हिवाळ्यात लिंबाची झाडे झाकायचे हे घर डोंगराच्या कलाने बांधले होते, दोरी लावून नव्हे. शेजारच्या गाळ्याची फळी दोन बोटे तरी जास्त भरायची, नाहीतर कमी पडायची. म्हणून खाचा. वरच्याने आकडा पुकारायचा, खालच्याने खाचा मोजून तोच आकडा परत म्हणायचा, आणि मगच फळी द्यायची. सरोवराच्या या काठावर हे काम सगळे असेच करत.

बोर्तोलोला मात्र अकरा वर्षांत कोणी फळीला हात लावताना पाहिले नव्हते. तो पाने झाडायचा, सांधे गवताने बुजवायचा, थंडी वाढली की शेकोटी सांभाळायचा. फळ्या त्याचा चुलतभाऊ सांतिनो द्यायचा. यंदा सांतिनो खुब्याचे हाड मोडून पडला होता, आणि परवा कडाका पडणार असे रेडिओ सकाळपासून सांगत होता. त्यात आठव्या गाळ्यावर इतकी वर्षे जी ताडपत्री बांधत असत, तिच्या पहाटेच्या पेलेर वाऱ्याने गेल्या आठवड्यात चिंध्या केल्या. म्हणजे आठवीही फळी चढवायची होती.

ती चढवायच्या आत बायकोला, फाउस्तिनाला, सांगायचे, असे बोर्तोलोने सकाळी दाढी करताना ठरवले होते. ठरवले तर त्याने दर वर्षी होते. पण आता तो एकाहत्तरचा झाला होता, आणि हे पोटात घेऊन मरायची त्याला भीती वाटू लागली होती.

फाउस्तिना पलीकडच्या टोकाला दोन पाहुण्यांना घर दाखवत होती. उत्तरेकडून आलेले म्हातारे जोडपे होते, हातात चालायच्या काठ्या. लिंबांचा धंदा कधीच बसला होता. आता लोक पाहायला यायचे, सरोवराचे आणि पांढऱ्या खांबांचे फोटो काढायचे, लिंबाच्या मुरंब्याची बाटली घेऊन जायचे. फाउस्तिना त्यांना सगळे सांगायची, पणज्यापासून. आठव्या गाळ्यापाशी मात्र ती पाऊल उचलून चालू लागे.

“इथे काय झालंय?” बाईने फाटकी ताडपत्री पाहून विचारले.

“काही नाही. इथे वारा फार लागतो,” फाउस्तिना म्हणाली, आणि डाव्या हाताने तिने पुढची वाट दाखवली. उजवा हात तिला खांद्याच्या वर नेता येत नसे. मुलगा देल्फिनो वारला त्याच हिवाळ्यात तो खांदा धरला होता. रडून रडून अंग आखडते माणसाचे, असे डॉक्टर म्हणाले होते. तेव्हापासून रोज जेवणानंतर बोर्तोलो तिच्या खांद्याला कापराचे तेल चोळत असे. दोघांनी दिवसभरात एकमेकांना हात लावायचा तो तेवढाच.

“चार!” झेनो म्हणाला.

देल्फिनो त्यांचा एकुलता एक, अकरा वर्षांपूर्वी एकोणतीस वर्षांचा. त्या दिवशी तो आणि त्याचा मित्र झेनो वर होते, बोर्तोलो खाली. बोर्तोलोची त्या काळी शेखी होती की त्याला खाचा बघाव्या लागत नाहीत, अंगठा लागला की आकडा कळतो. पहिल्या सात फळ्या झेनोकडे द्यायच्या, पुढच्या देल्फिनोकडे, असे चालले होते. झेनोचे सहाव्यात अजून ठोकणे चालू होते. देल्फिनोने आपली पहिली मागितली: “आठ!” बोर्तोलो झेनोला त्याच्या बोटींच्या शर्यतीतल्या शेवटच्या नंबरावरून चिडवत होता. चिडवता चिडवताच त्याने “आठ!” म्हणून फळी वर दिली.

“बाबा, ही बसत नाहीये.”

“पावसाने फुगली असेल. जोर लाव.”

देल्फिनोने खांदा लावला होता. फळी एकदम बाहेर निसटली आणि तिच्यामागोमाग तो गेला, खालच्या दगडी पायरीवर. बोर्तोलो धावला, पण धावण्याआधी त्याची नजर भिंतीकडे गेली होती. आठवी फळी तिथेच उभी होती.

अँब्युलन्समध्ये एकालाच जागा होती, त्यात बोर्तोलो बसला. संध्याकाळी सगळे संपले. दुसऱ्या दिवशी चौकशीला माणसे आली, त्यांनी खाली पडलेली फळी पाहिली, खाचा मोजल्या. आठ. गाळ्याचे माप घेतले, बरोबर जुळले. तुळई ओली होती, पाय घसरला, असे त्यांनी लिहून नेले. बोर्तोलो तिथे टोपी हातात धरून उभा होता.

कोणीतरी रात्रीतून फळी बदलली होती. कोणी, याचा त्याने फार विचारही केला नाही. झेनो हॉस्पिटलात तासभर उशिरा पोचला होता. झेनोच असणार. त्यानंतर दर वर्षी ऑलिव्हच्या पहिल्या तेलाची बरणी तो झेनोच्या दारात गुपचूप ठेवून यायचा.

“सात!”

बोर्तोलोने खाचा मोजल्या, सात होत्या. फळी फिरवताना खालचा कोपरा त्याच्या तळव्यात टोचला. वीतभर लाकूड तिथून उडाले होते, आणि जुनी चीर कोणीतरी मेण भरून बुजवली होती. दगडावर उंचावरून आपटल्याशिवाय ते लाकूड असे फुटत नाही. ही तीच फळी होती.

“काका? सात!”

“सात,” तो म्हणाला. त्याचा आवाज वर पोचला की नाही कोण जाणे. झेनोने फळी बसवली आणि शिडीने खाली आला.

“चला, थोडी वाइन घेऊ. तुमचा चेहरा बघा, चुन्यासारखा झालाय.”

दोघे उन्हाच्या पायरीवर बसले. पाहुणे निघून गेले होते. पलीकडच्या डोंगरावर बर्फ उतरले होते, खाली सरोवर गप्प होते. बोर्तोलोने पेला हातात घेतला, पण तोंडाला लावला नाही.

“झेनो, तुझे उपकार मी कधी बोलून दाखवले नाहीत.”

“कसले उपकार? तेलाची बरणी तुम्ही ठेवता ना? बायको म्हणते, म्हाताऱ्याला वाटतं आपल्याला कळत नाही.”

“फळीचे. त्या रात्री तू फळी बदललीस, नाहीतर सगळ्या गावाला कळलं असतं. मी सातवी दिली होती त्याला.”

झेनोने हातातला पावाचा तुकडा हळूच रुमालावर ठेवला.

“काका, मी कोणतीच फळी बदलली नाही. मला हे आत्ता कळतंय.”

“तू उशिरा आलास हॉस्पिटलात.”

“मी इलारियाकडे गेलो होतो. देल्फिनोचं तिच्याशी लग्न ठरलं होतं ना? तिला कोणीतरी सांगायला हवं होतं. ती दारातच बसली, उठेचना.” त्याने चेहऱ्यावरून हात फिरवला. “इथे मागे फक्त काकू होत्या. आम्ही सगळे निघालो तेव्हा त्या खालच्या पायरीवर उभ्या होत्या, एकट्या.”

बोर्तोलो म्हणाला, “तिला खाचांतलं काय कळतंय? शेळ्यांच्या गावची ती.” हा त्याचा चाळीस वर्षांचा विनोद होता. या वेळी तो कोणालाच उद्देशून नव्हता.

माथ्याची ती फळी दोन माणसांनी उचलायची. पावसात भिजलेली असली तर तिघांनी. सातवी खालच्या पायरीवरून वर आणायची, आठवी वरून खाली न्यायची, वीस-वीस पायऱ्या. आणि पायरीवर तेव्हा रक्त असणार. बोर्तोलोने आपल्या उजव्या हाताकडे पाहिले. अकरा वर्षे त्याच हाताने तो तिच्या त्या खांद्याला तेल चोळत होता.

फाउस्तिना टोपली घेऊन येत होती, नेहमीसारखी डाव्या हातात.

“काय रे, राजेसाहेब दमले?” ती म्हणाली. “मक्याचा पोलेंटा निवतोय. झेनो, सॉसेज आधी तू घे, हा सगळं संपवेल.”

झेनो उठला. “मी वरच्या खिळ्यांचं बघतो, काकू,” असे पुटपुटत तो शिडी चढून गेला. फाउस्तिनाने त्याच्याकडे पाहिले, मग नवऱ्याकडे, आणि टोपली खाली ठेवली.

“फाउस्तिना, मला तुला सांगायचंय. त्या दिवशी देल्फिनोला मी...”

“माहीत आहे.”

“ती सातवी होती.”

“हो. ती वर नेताना माझ्याच हाताखाली होत्या ना खाचा. मी मोजल्या.”

“तू कधी बोलली नाहीस.”

ती टोपलीवरचे फडके नीट करत राहिली. ते नीटच होते.

“पहिल्या रात्री वाटलं, तू सांगशील,” ती म्हणाली. “मग वाटलं, दफनाच्या दिवशी नाही तर महिन्याने सांगशील. तू तेल चोळायला बसलास की रोज वाटायचं, आज. तू विचारायचास, दुखतंय का? मी म्हणायचे, नाही.” तिचा आवाज चिरकला आणि तिने तो परत आवरला. “मला त्याच्याबद्दल रडायचं होतं रे, तुझ्याजवळ. पण तू त्या तुळईच्या ओलीबद्दलच बोलायचास, लोकांसारखं. मग कशी रडू?”

बोर्तोलोने तिचा हात धरायला हात पुढे केला. तिने हात मागे घेतला नाही, पण दिलाही नाही.

“काका,” झेनोने वरून अगदी हलक्या आवाजात हाक दिली. खरे तर त्याला हाक द्यायची नव्हती, पण ऊन उतरू लागले होते. “आठ.”

बोर्तोलो उभा राहिला. गोणपाटात गुंडाळलेली फळी भिंतीला एकच होती. त्याने गोणपाट सोडले. फळी नव्यासारखी होती, अकरा हिवाळ्यांत एकदाही वर न गेलेली. तो तिच्यासमोर उभा राहिला आणि त्याचा हात उचलेना.

फाउस्तिना त्याच्या शेजारी आली. तिने त्याचा उजवा अंगठा आपल्या मुठीत धरला आणि फळीच्या कडेवर ठेवला.

“एक,” ती म्हणाली.

तिने अंगठा पुढे सरकवला. दोन. तीन. तो मोजत नव्हता, तीच मोजत होती. चार, पाच, सहा. सातव्या खाचेत त्याचा अंगठा अडकल्यासारखा थांबला आणि त्याचे सगळे अंग हलू लागले. ती थांबली. तो आवाज न करता रडत होता, तोंड उघडे ठेवून, आणि तिने त्याला रडू दिले. त्याच्याकडे पाहिले मात्र नाही; ती खाचेकडे पाहत होती.

मग तिने त्याचा अंगठा ओढून पुढच्या खाचेत ठेवला.

“आठ!” तिने वर हाक दिली, आणि दुखऱ्या खांद्याने फळीचे एक टोक उचलले. दुसरे उचलायला तो वाकला.