पावणेदोनचा सूर

सकाळपासून पाचवीच्या वर्गात कुणाचा पाय ठरत नव्हता. मोठ्या बाई, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका, वर्ग बघायला येणार होत्या. गणित, विज्ञान, भाषा, गाणं असे वेगवेगळे तास मोडून वर्गाच्या बाईंनी सगळ्याचा एकच काला केला होता. मुलांनी प्लास्टिकच्या नळ्या मापून कापायच्या, वाजवायच्या आणि स्वतः रचलेलं गाणं त्यांवर म्हणायचं. हे असंच चालू ठेवायचं की पोरांना पुन्हा तासांच्या खणात बसवायचं, ते आज ठरणार होतं.

नळीच्या तोंडावर जुनी चप्पल आपटली की सूर घुमे. लांब नळीचा खालचा, आखूड नळीचा वरचा. 'सा'ची नळी दोन फूट. 'रे'ची आली मुंगीकडे. मुंगी म्हणजे वर्गातली सगळ्यात अबोल मुलगी, हजेरीलासुद्धा नुसता हात वर करणारी. बाईंनी तिला माप तोंडी सांगितलं, पावणेदोन फूट. तिने मन लावून नळी कापली, घासली, जागेवर बांधली.

मोठ्या बाई आल्या आणि हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. गाणं सुरू झालं. 'सा' छान घुमला. आणि 'रे'? त्याने जिना चढायचा, तर तो थेट तळघरात जाऊन बसला. वर्ग खो खो हसला. वर्गातली एक बडबडी मुलगी, जिला सगळे वकीलबाई म्हणत, ती म्हणाली, नळीला सर्दी झाली असेल.

मुंगीचे कान लाल झाले. पट्टी लावून पाहिलं, तर सव्वादोन फूट.

"पाव आणि दोन," ती पुटपुटली. "तेच कापलंय मी."

हसू पुन्हा उसळणार, तोच बाईंनी हात वर केला आणि शांतपणे विचारलं, मग सव्वादोन म्हणजे किती? मुंगीचे ओठ जप चालावा तसे हलू लागले. पावणेदोन, पावणेदोन. एकाएकी ते थांबले.

"पाव उणे दोन. दोनाला पाव कमी आहे, बाई. शब्दातच सांगितलंय."

नामातच सगळं असतं म्हणतात, ते काय खोटं? वर्गात कुजबुज पेटली. वकीलबाईने करवत पुढे केली, मग काप पाव फूट, हाय काय नि नाय काय. पण दुसरी नळी शिल्लक नव्हती. चुकीची कापली तर गाणं तिथेच संपलं, तेही मोठ्या बाईंसमोर.

"पाव कापली तर दोन फूट उरेल," मुंगी म्हणाली. " म्हणजे आणखी एक 'सा'च. अर्धा फूट काढायला हवा."

वकीलबाईने बोटांवर हिशोब केला आणि मुकाट्याने नळी घट्ट धरली.

करवत खरखरली, तुकडा पडला. मुंगीने चप्पल उचलून आपटली. 'रे' उठला, 'सा'च्या डोक्यावर अलगद जाऊन बसला! मग काय विचारता, एकेक नळी मिसळत गेली, आणि हजेरीला हात वर करणारी मुंगी सगळ्यांत मोठ्याने गात होती. गळा देवाने दिलेलाच असतो, कुणीतरी सूर पट्टीत आणून द्यावा, इतकंच.

गाणं संपलं तरी ती थांबेना. तिने विचारलं, मग 'अडीच' कुठून आलं? त्यात ना अर्धा, ना दोन. बाईंनी हसून सांगितलं, मला नाही माहीत.

मोठ्या बाईंच्या हाताची घडी कधीच सुटली होती. त्या पोरांच्या रांगेत खाली बसल्या.

"मलाही नाही," त्या म्हणाल्या. "उद्या शोधू या. मीही येते."