पुलाच्या मध्यावरचा लाल ठोकळा

मी एक जुना लाल ठोकळा आहे. प्लास्टिकचा, काडेपेटीहून लहान. डोक्यावर आठ गोल बटणं आणि खाली पोकळ पोट. दुसऱ्या ठोकळ्याच्या बटणांवर मला दाबलं की माझं पोट त्याला घट्ट धरतं. आम्हा ठोकळ्यांची सगळी अब्रू या धरण्यात असते. रंग विटला तरी चालतो, ओरखडे पडले तरी चालतात. पण पकड सुटली की आमच्यात आणि बाटलीच्या फुटक्या बुचात काही फरक राहत नाही. मित्रांनो, माझी पकड सुटली. ती कशी सुटली आणि त्यापायी एका भल्या बाईवर केवढा प्रसंग आला, ते सांगतो.

माझा जन्म साच्यातला. वितळलेलं लाल प्लास्टिक साच्यात शिरलं, थंड झालं आणि मी खाली टपकलो, एवढंच मला आठवतं. १९९४ साली रंगीत खोक्यात बसून मी नाशिकला आलो. पाथर्डी फाट्याजवळच्या गोदाई सोसायटीत पल्लवी नावाच्या मुलीचा वाढदिवस होता. तिने माझी घरं केली, बंगले केले, एकदा तर हत्तीचा पाय केला. पुढे ती मोठी झाली, दहावी झाली, शिकायला पुण्याला गेली आणि आमचं खोकं माळ्यावर गेलं. खेळण्यांची गोष्ट बहुधा तिथेच संपते.

आमची संपली नाही, ती पल्लवीच्या आईमुळे. सविताताई पाटबंधाऱ्याच्या कचेरीत नकाशे ट्रेस करायच्या. पूल, कालवे, मोऱ्या, सगळं त्यांच्या बोटांखालून जायचं. मग कचेरीत कॉम्प्युटर आले, ट्रेसिंगचं टेबल भिंतीला लागलं आणि ताईंच्या हाती फायली आल्या. एका रविवारी भाच्याला द्यायला म्हणून त्यांनी आमचं खोकं खाली काढलं. सगळे ठोकळे आहेत का ते बघायला बसल्या आणि बघता बघता त्यांनी पुलाचा खांब बांधला. तिकडे गॅसवर दूध उतू गेलं.

"पोरगी गेली शिकाया, आन् आई खेळती ठोकळं!" सासूबाई सुमनबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या. त्या इगतपुरीकडच्या. जीभ तिखट, पण मनात काही ठेवायच्या नाहीत.

भाच्याला शेवटी क्रिकेटची बॅट मिळाली.

वेड एकट्याला लागत नाही. खालच्या गाळ्यातल्या राकेशचा एसटीडी बूथ होता. मोबाइल आल्यापासून तिथे माशासुद्धा फोन करायला येत नव्हत्या. तो बसल्या बसल्या ठोकळ्यांचं रेल्वे इंजिन जोडायचा. बँकेत नुकताच लागलेला अमित तिसरा. तिघांनी मंडळ काढलं. त्यांचे नियम दोनच. पहिला, जो येईल त्याने आपले ठोकळे सामाईक ढिगात ओतायचे आणि परत मागायचे नाहीत. ओतल्यावर तुझे-माझे काही कळायचंच नाही म्हणा. दुसरा नियम सविताताईंचा, आणि तो मला फार आवडायचा. गोंद लावायचा नाही. "चिकटवलेला ठोकळा एकदाच काहीतरी होतो," त्या म्हणायच्या. "मोकळा ठोकळा जन्मभर काहीही होऊ शकतो."

दर रविवारी मंडळ जमायचं सोसायटीच्या तळमजल्यावरच्या रिकाम्या खोलीत. एवढी मोठी माणसं जमिनीवर फतकल मारून ठोकळे जोडताहेत, हे बघून लोक दारातून हसत जायचे. ताईंना त्याचं वाईट वाटायचं. एकदा त्या मला हातात धरून हळूच राकेशला म्हणाल्या, "अरे, कचेरीत माझ्या हाताला आता काही काम नाही. ही खोली गेली ना, तर मी सही करण्यापुरतीच उरेन." तेव्हापासून त्या खोलीची काळजी मलाही लागली.

आणि खोलीवर डोळा होता चेअरमन गोटीराम अण्णांचा. अण्णा मूळचे दिंडोरीकडचे, अजून द्राक्षबाग राखून होते. त्यांना तिथे सोसायटीच्या खुर्च्या ठेवायच्या होत्या.

"खुर्च्या पावसात भिजत्यात आन् तुमी इथं पोरखेळ मांडलाय," ते एकदा दारात उभं राहून म्हणाले.

"पोरखेळ नाही अण्णा," ताईंच्या तोंडून निघून गेलं. "आम्ही गोदावरीवरच्या जुन्या पुलासारखा पूल बांधतोय. गोंदाचा थेंब नाही, आणि द्राक्षाची पेटी पेलेल."

"बोलाचीच कढी आन् बोलाचाच भात! पेटी मी आणतो. सोसायटीच्या संमेलनाला समद्यांसमोर ठेवायची. पेलली तर खोली तुमची. पडला पूल, तर किल्ली माझ्याकडं."

ताईंनी हो म्हटलं. आता माझी गोष्ट ऐका, म्हणजे यात माझा काय संबंध ते कळेल.

आधीच्या दिवाळीत घर आवरताना ताईंना वाटलं, ठोकळेही धुवावेत. नाशिकच्या बाईला दिवाळीत धूळ दिसली की चैन पडत नाही. गार पाण्याने चिकटा निघेना, म्हणून त्यांनी मोठ्या पातेल्यात पाणी खळखळ उकळलं, सोडा टाकला आणि आमचा पहिला घाणा आत सोडला. दुसरा घाणा टाकणार तोच सिलिंडर संपलं, म्हणून बाकीचे गार पाण्यावर सुटले. आम्ही मात्र उकळलो. बाहेर निघालो ते असे चकचकीत की ताई खूश झाल्या. माझ्या पोटाच्या भिंती किंचित फाकल्या होत्या, ते त्यांना दिसलं नाही. मलाच कळलं. पुढे आम्ही उकळलेले आणि न उकळलेले एकाच ढिगात मिसळलो.

फेब्रुवारीतल्या रविवारी संमेलन होतं. सकाळी मांडवात टेबलावर पूल उभा राहू लागला. दोन हात लांब, तीन कमानी. ताईंची एक रीत होती. ठोकळा दाबताना त्या कान जवळ न्यायच्या. 'टक्' असा आवाज आला की तो बसला. नाही आला तर तो बाजूला. मी ढिगात पडल्या पडल्या विचार करत होतो, बरंच आहे, मी बोलणार नाही 'टक्', त्या मला बाजूला काढतील.

पण माइकवाला आला. "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग, वन, टू..." अख्खा मांडव दणाणला. नेमक्या त्या वेळी ताईंनी मला उचललं आणि मधल्या कमानीच्या ऐन मध्यावर दाबलं. मी 'थप्' म्हणालो. त्यांनी ऐकलं असतं तर! त्या ओरडल्या, "अरे, जरा बंद करा ते!" आणि पुढचा ठोकळा घेतला. माझ्यासारखे आणखी कितीजण त्या पुलात गेले, देव जाणे.

मित्रांनो, ज्याला बोलता येत नाही त्याला सगळं कळत असलं, तर त्याच्यासारखे हाल कुणाचे नाहीत. पूल पूर्ण झाला. लोकांनी वाहवा केली. राकेशने आपलं इंजिन शेजारच्या टेबलावर ठेवलं होतं, त्याचीही वाहवा झाली. अण्णा द्राक्षांची पेटी काखेत मारून आले. सुमनबाई पहिल्या रांगेत येऊन बसल्या. मी खालच्याला घट्ट धरायला बघत होतो आणि धरवत नव्हतं.

पेटी टेकली. वरून सगळा भार माझ्यावर आला. पूल करकरला. टाळ्या सुरू झाल्या, माइकवरचा माणूस काहीतरी बोलू लागला आणि मी खाली सरकू लागलो. केसाएवढा. मग आणखी केसाएवढा. टाळ्या वाजवणाऱ्या कुणालाच ते दिसलं नाही. ताईंना दिसलं.

अण्णा मान हलवून "हां, हां" करत होते. आणखी थोडा वेळ कुणी काही बोललं नसतं, तर अण्णांनी स्वतःच पेटी उचलली असती आणि खोली मंडळाची झाली असती.

"काढा पेटी," ताई म्हणाल्या.

"काय?"

"अण्णा, पेटी काढा. पूल बरोबर नाहीये."

मांडवात कुजबुज झाली, मग हशा पिकला. अण्णांनी पेटी उचलली. ताईंनी दोन बोटांत धरून मला ओढलं. मी आयता हातात आलो. त्यांनी माझ्या पोटात डोकावून पाहिलं आणि त्यांच्या ध्यानात सगळं आलं. "हे मीच केलंय," त्या हळूच म्हणाल्या. "दिवाळीत उकळलेले आहेत हे. किती आहेत कुणास ठाऊक."

अमितने खिशातून गोंदाची नळी काढली. "ताई, दोन-दोन थेंब. पाच मिनिटांत सुकतंय. कुणी बघत नाहीये."

माझा जीव टांगणीला लागला. त्या थेंबांनी पूल वाचला असता, खोली वाचली असती. आणि मी त्या कमानीत कायमचा पुरला गेलो असतो. खरं सांगू? त्या क्षणी मला वाटलं, लावा. ताईंची मान खाली जाण्यापेक्षा ते परवडलं.

"ठेव ते खिशात," ताई म्हणाल्या आणि अण्णांकडे वळल्या. "मला पुन्हा बांधायचाय. वेळ द्या."

"वेळ? कवर?" अण्णा हसले. "पंगत बसेपर्यंत घ्या. पंगत बसली की किल्ली माझी."

मंडपामागे मसालेभाताच्या पातेल्यावरचं झाकण आधीच उचललं गेलं होतं. ताईंनी पूल मोडायला घेतला. दोन ठोकळे एकमेकांत बसवायचे, वरचा धरून हलवायचा. खालचा गळून पडला तर वरचा बाद. पण ढीग मोठा, हात तीन जोड्या. घाईत ठोकळे निसटून टेबलाखाली जात होते.

सुमनबाई उठल्या. सगळ्यांना वाटलं, सुनेला ओढून घरी न्यायला उठल्या. त्यांनी स्वयंपाकाच्या मांडवातून मोठं ताट आणलं आणि पदर खोचून खाली बसल्या. "आण गं इकडं. तांदूळ निवडतो तसंच ना हे? मंग त्याला काय लागतंय! नासका इकडं, चांगला तिकडं." त्यांनी पहिला ठोकळा हलवला. मग मागे बघून खेकसल्या, "आगं, बघत काय बसल्यात समद्या? ताटं आणा!"

बायका आल्या. मघाशी हसणारे दोघे-तिघे पुरुषही येऊन टेकले. मांडवभर टकटक सुरू झाली. माइकवाल्याला कुणीतरी दटावून गप्प केलं. मला बादच्या ताटात टाकलं होतं, आणि माझ्यासारखे एकामागून एक तिथे येऊन पडत होते. ताट भरत चाललं तशी माझी काळजी वाढत चालली, कारण एवढे बाद झाल्यावर पुलाला उरणार किती?

उरले कमी. दोन कमानी उभ्या राहिल्या आणि चांगले ठोकळे संपले. मधली कमान अर्धीच हवेत लोंबत होती. पत्रावळी मांडायला सुरुवात झाली होती. अण्णा किल्लीसाठी हात पुढे करून उभे होते.

तेव्हा राकेश शेजारच्या टेबलाकडे गेला. इंजिनासमोर जरा थांबला. कित्येक महिने बूथमध्ये बसून त्याने ते जोडलं होतं, चाकं फिरायची त्याची. त्याने डोळे मिटले आणि धुराडं उपटलं. मग बॉयलर. मग सगळंच.

"राकेश, अरे!" ताई म्हणाल्या.

"गोंद नाहीये ना ताई त्याला," तो म्हणाला. "परत होईल. घ्या लवकर."

इंजिनाच्या काळ्या ठोकळ्यांची मधली कमान झाली. ताईंनी कान जवळ नेऊन प्रत्येक ठोकळा दाबला, आणि मी ताटात पडून प्रत्येक 'टक्' मोजत होतो असं नव्हे, पण एकही चुकवला नाही. शेवटचा बसला. "पंगत बसली!" मागून आवाज आला. अण्णांनी पेटी ठेवली.

करकर नाही, काही नाही. पेटी तशीच. अण्णा वाकले, खालून बघितलं, वरून बघितलं, मग तळहाताने पेटीवर हलकेच भार दिला. पूल हलला नाही. एकाने मागून म्हटलं, "अण्णा, तुमीच बसा आता त्याच्यावर!" आणि मांडव हसला, पण या वेळी ताईंना नव्हे.

अण्णांनी पेटीवरचा हात काढला. "दर रविवारी खोली तुमची. खुर्च्या बी राहतील तिथंच, एका बाजूला." मग पेटी उघडून त्यांनी द्राक्षांचा एक घड सुमनबाईंच्या हातात दिला. ताई खाली बसल्या आणि तोंडाला पदर लावून रडल्या. मीही रडलो असतो, पण आमच्यात सोय नाही.

सगळे जेवायला गेले. अमितने आमचं ताट उचललं. "ताई, हे भंगारात देऊ ना?"

माझा शेवट आला असं मी समजलो, आणि खरं सांगतो, तक्रार नव्हती. पूल माझ्याशिवाय उभा होता, हेच बरं झालं होतं.

"थांब," ताई म्हणाल्या. "एवढा पूल बांधला, त्याच्यावर एक तरी माणूस आहे का?" जेवण थंड होत असताना त्या आमच्यातून माणसं करू लागल्या. एक सायकलवाला झाला, एक रिक्षा झाली, कठड्याला टेकलेला एक म्हातारा झाला. भाजी घेऊन निघालेली एक बाई झाली आणि तिच्या डोक्यावरची पाटी म्हणून त्यांनी मला अलगद ठेवलं.

मित्रांनो, आम्हाला उकळत्या पाण्यात टाकू नका, कोमट पाणी पुरतं. आणि कुणाची पकड सुटली असं दिसलं, तर त्याला गोंद लावून कोंबू नका, भंगारातही टाकू नका. जिथे भार नाही अशी जागा त्याला शोधून द्या. मला ती मिळाली. ज्या पुलाला मी पेलू शकलो नाही, तो आता मला पेलतो आहे.