परत आलेली फुलं

फुलांना घाम फुटला होता.

धाकट्या जावेने फ्रिज उघडला. काल संध्याकाळी केकवर लावलेली साखरेच्या लगद्याची, फॉन्डंटची एकोणीस फुलं ओल्या जिभांसारखी लोंबत होती. त्यांचा गुलाबी रंग पांढऱ्या बटरक्रीमवरून ओघळला होता. हिरडीतून रक्त यावं तसा.

"फ्रिजमध्ये कुणी ठेवला?"

"मी." थोरली जाऊ. दुकान तिचं, शेवटचा शब्दही तिचाच. "बटरक्रीम वितळलं असतं."

"अहो ताई, फ्रिजच्या ओलीने फॉन्डंटला पाणी सुटतं. कितीदा सांगू?"

"मला शिकवू नकोस. नवी कर."

"वाळायला दोन दिवस लागतात. नवरी चारला येतेय!"

थोरलीने वरच्या फळीवरून पत्र्याचा डबा काढला आणि ठेवणीतले दागिने दाखवावेत तसं झाकण उघडलं.

आत:
गुलाब, बरेच.
पानं, मोडकी.
केस, एक. लांब.
आणि वास. खवट लोण्याचा.

गुलाब धाकटीचेच. पाकळीची कड अंगठ्याने पातळ करताना ती कड डावीकडे कलायची, ती खोड लपत नव्हती. पण हे गुलाब तर कधीच कुणाकुणाच्या लग्नांना गेले होते! लोक फॉन्डंट खात नाहीत, सोलून बशीच्या कडेला सारतात. केकखालचे पाट परत आणायला थोरली जातीने का जायची, ते आत्ता उमगलं.

"उष्ट्या बशांतून उचलली?"

"कुणी तोंड लावत नाही गं त्यांना. कुंचला फिरवला की नवी कोरी."

एका गुलाबावर चार दात उमटले होते. खाचेत लिपस्टिक.

"आणि हे?"

"तो भाग मागे कर."

तो भाग

मागे

कर.

धाकटीने तो गुलाब तळहातावर घेऊन थोरलीच्या नाकासमोर धरला. "खाऊन दाखवा."

तिला वाटलं, आता तरी लाजेल.

थोरलीने खाल्ला. कडाकडा चावून, बोट चाटून. "बघ. मेले का?" दातांच्या फटींत गुलाबी लगदा.

धाकटी तोंड दाबून मोरीकडे धावली. परत आली तोवर डब्यातली तीन फुलं केकवर चढली होती, आणि चौथं थोरली थुंकी लावून चिकटवत होती.

धाकटीने सुरी उचलली. फुलं, रंग, थुंकी, वरचं सगळं क्रीम खरवडून कचऱ्यात. डबाही त्यावर उपडा.

"अगं बये! आता केक बोडकाच देणार?"

"बटरक्रीमचे गुलाब काढते. आणि कचऱ्यातलं एक जरी उचलून लावलंत, तर नवरीला सगळं सांगेन. मग मला हाकला."

थोरलीने रिकामा डबा फळीवर परत ठेवला.

नवरी आली. कपाळाला आठी. "फॉन्डंटची फुलं ठरली होती ना?"

"हिला विचारा," थोरली म्हणाली.

"ती बिघडली. चूक आमची. ही बटरक्रीमची आहेत, आत्ता केलेली. नको असतील तर तसं सांगा."

नवरीने वाकून पाहिलं. मग लहान मुलीसारखं बोट घालून एक अख्खा गुलाब उचलला आणि तोंडात टाकला. "अगंबाई! काय सुरेख लागतंय!"

इतक्या वर्षांत धाकटीचं फूल पहिल्यांदाच कुणी चवीने खात होतं. तिने मान फिरवली. थोरलीचे गुलाबी दात आठवून तिला ते चावणं बघवेना.