तिऱ्हाईत

परांचीवाल्याने मेहुण्याच्या काखेत हात घातला आणि त्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात चढवले. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. हे दोघे पाच वर्षे चढत होते, आणि त्यातल्या एकाला तर पायरी चढताच येत नव्हती.

विमा कंपनीशी भांडण एवढेसेच होते. इमारतीभोवतीची बांबूची परांची कोसळली आणि मेहुण्याच्या खुब्याचा चुरा झाला. परांचीवाल्याचा विमा तिऱ्हाईताला इजा झाली तर भरपाई देणार होता, कामावरच्या माणसाला नाही. म्हणून मेहुणा त्या दिवशी नुसता डबा द्यायला आला होता, असे त्यांच्या वकिलाने दोघांकडून घोकून घेतले होते. खुब्याचे दुसरे ऑपरेशन त्या एका वाक्यावर अडले होते.

मागच्या तारखेला परांचीवाला आपले वाक्य बोलून मोकळा झाला होता.

"त्याला यातलं काही कळत नाही, साहेब. साधी गाठ मारता येत नाही."

अठरा वर्षे त्याच्याच हाताखाली तयार झालेला मेहुणा तेव्हा बाकावर मान खाली घालून बसला होता.

आज विमा कंपनीच्या वकिलाने फोटो पुढे केला. माणूस मुरलेला होता.

"तुम्ही डबा द्यायला आलात. मान्य. मग ही गाठ तुमच्या भाऊजींचीच ना? सैल मारली, म्हणून परांची पडली?"

हो म्हण बाबा, परांचीवाला मनात म्हणाला. तो पार थकला होता. दोष त्याचा ठरला तरी तिऱ्हाईताला भरपाई मिळणारच होती. नाव काय धुऊन प्यायचंय?

मेहुण्याने फोटो डोळ्यांजवळ नेला. त्याचा अंगठा गाठीवरून सावकाश फिरला.

"सैल नाही, साहेब. बांबू आतून किडलेला होता, तो मोडला. गाठ बघा, तशीच आहे अजून."

"तुम्हाला काय माहीत?"

"मीच मारलीय."

त्यांच्या वकिलाने डोळे मिटून घेतले.

मेहुण्याला खाली उतरवताना परांचीवाल्याला राग यायला हवा होता. पण त्याने काखेतला हात आणखी घट्ट केला.

"घोकलं होतं ना रे आपण?"

"तो तुमचा हात सैल म्हणत होता, भाऊजी."

"पण गाठ तर तुझी होती."

"शिकवली कोणी?"